तिच्या वाटचं वल्हं

दाढ काही केल्या निघत नव्हती. तिच्या कपाळावरचा घाम भुवईपर्यंत आला होता आणि खुर्चीत आडवा पडलेला मुलगा मात्र छताकडे बघत निवांत होता, जणू दाढ दुसऱ्याच कुणाची आहे. मुलगा कसला, नुसता बांबू! खुर्ची संपली तरी त्याचे पाय संपत नव्हते. बाहेर भरदुपारी अंधारून आलेलं. दातांच्या कॉलेजच्या त्या लांबलचक खोलीत दिवसाढवळ्या दिवे लावलेले, आणि पाठीशी उभ्या राहिलेल्या मॅडम, म्हणजे विभागप्रमुख, म्हणत होत्या, "जोर लाव गं. चिमटा आहे तो, चमचा नाही."

तिनं दातओठ खाऊन जोर लावला. दाढ निघाली. मॅडम 'हं' म्हणून पुढच्या खुर्चीकडे गेल्या.

"मोडली कशानं ही?" त्याच्या गालात कापसाचा बोळा दाबत तिनं विचारलं.

"वल्ह्यानं," तो बोळ्यातूनच म्हणाला. "नदीवर. माझ्याच वल्ह्याची मूठ माझ्याच गालफडात बसली."

"बोलू नका. बोळा दाबून धरा."

"बरं... पण एक विचारू?"

"नको."

"तुमच्या मनगटात एवढा जोर आला कुठून?"

"पेशंट गप्प बसला की येतो."

तो हसायला गेला, कळवळला, आणि तरी गप्प बसेल तर शपथ! म्हणाला, "आमच्या होडीत एक जागा रिकामी आहे. एक मुलगा, एक मुलगी — अशी जोडीची शर्यत असते कॉलेजांची; दोघं एकाच कॉलेजची असली पाहिजेत असं नाही. माझी जोडीदारीण पदवी घेऊन गेली. ज्या हातांनी ही दाढ उपटली, त्यांना वल्हं म्हणजे काडी."

"इथं कामं थोडी आहेत का मला?" ती म्हणाली आणि हातमोजे काढून टोपलीत टाकले. विषय संपला.

संपलाही असता. पण पुढच्याच आठवड्यात निकाल लागला आणि ती एका विषयात नापास झाली. दात कोरून भरायचं प्रॅक्टिकल. बाहेरून आलेले परीक्षक शेजारी येऊन उभे राहिले, तिचा हात हलला, आणि किडक्या दाताला लागायची ती सुई शेजारच्या चांगल्या दाताला लागली. बाकी सगळे विषय निघाले, हा एक मानेवर बसला. पुढच्या खेपेला पुन्हा राहिला, तर अख्खं वर्ष जाणार. तिची आई शाळेत शिकवायची. 'नापास' हा शब्द त्या घरात आजवर फक्त दुसऱ्यांच्या मुलांसाठी वापरला गेला होता.

वसतिगृहात जो तो सांत्वनाला येऊ लागला. सांत्वन करणारी माणसं बरी असतात हो, पण प्रत्येकीला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. एका सकाळी ती खोलीतून निघाली ती उतारावरून खाली चालतच राहिली. खाली नदी होती, म्हणजे असावी. धुक्यात दिसत काहीच नव्हतं. त्या धुक्यातून एक उलटी होडी चालत आली. होडीखालून दोन लांबच लांब पाय दिसत होते.

"वल्हवायला आलात, डॉक्टर?" होडीनं विचारलं.

"बघायला आले."

"बघायला तिकीट आहे. वल्हवायला फुकट."

त्यानं निकाल विचारला नाही. तिचा चेहरा बघून 'काय झालं' असंही विचारलं नाही. तेवढ्यासाठीच ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, आणि तिसऱ्या दिवशी होडीत बसली.

शर्यतीच्या होडीची गंमत अशी, की माणसं पाठमोरी जातात. जिकडं जायचं तिकडं पाठ, आणि जे सोडून आलो ते डोळ्यांसमोर. दोघांची होडी असली की दोघांचीही तोंडं एकाच बाजूला. ती पुढं बसायची आणि तो तिच्या पाठीशी. ताल तिनं धरायचा, तो त्यानं पाळायचा. नवशिक्या पोरीच्या हाती ताल दिला म्हणून इतरांनी नाकं मुरडली, पण वल्हवायला शिकवणारे सर म्हणाले, "बांबू सांभाळून घेईल." बांबू हे त्याचं नाव नदीवर सगळ्यांच्याच तोंडी होतं. तो शेवटच्या वर्षाला होता, बांधकामाच्या इंजिनिअरिंगला. वह्या नदीवर आणायचा आणि होड्या पुसता पुसता पूल कसे पडतात ते वाचायचा.

रोज पहाटे ती दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर असायची, आणि तिला तो दिसायचा नाही. ऐकू यायचा. त्याचा श्वास, हलकेच म्हटलेलं 'हं... आता', आणि मधूनच एखादी थट्टा.

"डॉक्टर, तुझी मान आज रागावलेली दिसते." तोवर 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं, कधी झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

"मानेला राग येतो होय?"

"तुझ्या येतो. डाव्या बाजूला."

"समोर बघ."

"समोरच तर बघतोय. दुसरं काही दिसतच नाही मला... आणि माझी तक्रारही नाही."

तिचे कान लाल व्हायचे, आणि ते त्याला मागून दिसत असणार या विचारानं आणखी लाल व्हायचे. काठाला लागलं की तो आधी उतरायचा आणि ती उतरेपर्यंत पायानं होडी दाबून धरायचा. तिच्या तळहाताला फोड आले तेव्हा त्यानं पट्टी गुंडाळून दिली. गुंडाळून झाल्यावरही हात सोडायला त्याला जरा उशीरच झाला. दोघंही नदीकडे बघत राहिली, जणू तिथं काही चाललं होतं.

असं हिवाळाभर चाललं. मग दोन्ही तारखा लागल्या. कॉलेजांची शर्यत ज्या दिवशी, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं राहिलेलं प्रॅक्टिकल. आणि बांबूचं सगळंच त्या शर्यतीवर होतं. शर्यत बघायला राज्याच्या संघाची निवड करणारी मंडळी येणार होती; त्यांनी उचललं तर वर्षभराचं शिबिर, इथंच, याच नदीवर. नाही उचललं, तर थोरल्या भावानं लांबच्या शहरात त्याच्यासाठी नोकरी बघून ठेवलीच होती. हे सगळं त्यानं तिला हसत हसत सांगितलं होतं, पण सांगताना वल्ह्याची मूठ पुसायचा थांबला नव्हता. मूठ केव्हाच कोरडी झाली होती.

इकडं कॉलेजच्या दवाखान्यात वेगळंच. पहाटे वल्हवून आलं की दुपारपर्यंत तिची बोटं थरथरायची. हातात मोठी वस्तू असली तर कळायचंही नाही, पण दाताच्या कामात केसाएवढं हललं तरी संपलं. मॅडमनी एक दिवस तिचे हातमोजे काढायला लावले, तळहात उलटसुलट करून पाहिले.

"हे काय आहे?"

"वल्हवते, मॅडम."

"छान. मग दात कोण कोरणार?" मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मुली, तुझा हात चांगला आहे म्हणून सांगते. या थरथरत्या बोटांनी तू पुन्हा नापास होशील. मी काही करू शकणार नाही."

आईला फोनवर सांगितलं, तर आई म्हणाली, "दोन डगरींवर पाय ठेवून नदी ओलांडलेलं मी तरी कुणाला बघितलं नाही. तुझं तू बघ."

तिनं ठरवलं, त्याला सांगून टाकायचं. म्हणायचं, बाबा रे, मला नाही जमत, दुसरी कुणी बघ. पण शर्यत इतकी जवळ आल्यावर दुसरी आणायची कुठून? ती उतरली की त्याची शर्यत बुडाली, हे सरळ होतं. रोज पहाटे ती शब्द जुळवत उतार उतरायची. रोज तो धुक्यातून म्हणायचा, "या डॉक्टर, पाणी वाट बघतंय." आणि ती होडीत चढून बसायची.

मग तिनं एक शहाणपणा केला. शहाणपणा कसला, चोरीच ती. वल्हं पाण्यात घालायचं, तालात बाहेर काढायचं, दिसायला सगळं जिथल्या तिथं. जोर मात्र लावायचा नाही. काठावरून बघणाऱ्या सरांना कळलं नाही. दवाखान्यात बोटं शांत झाली. मॅडम म्हणाल्या, "आता कसं!" आणि नवल म्हणजे होडीचा वेगही फारसा पडला नाही.

नवल म्हणे! तिला दिसत होतं की. वल्हं पाण्यातून निघालं की मागं एक भोवरा राहतो, आणि पाठमोरं बसणाऱ्याला ते सगळे भोवरे समोर दिसतात. तिच्या वल्ह्याचे भोवरे आताशा चहात चमचा फिरवल्यासारखे, उमटले न उमटले तोच विरायचे. आणि त्याचे? काळे, खोल, गरगरत लांबवर मागं राहणारे. दिवसेंदिवस मोठे होत चाललेले. तिनं मनाशी म्हटलं, शिबिरात जायचंय ना त्याला, म्हणून ओढतोय जोरात. मनाला काय, जे हवं ते पटतं.

एकदा काठावर उतरल्यावर तो बरगडीवर हात धरून उभा राहिलेला तिनं पाहिला.

"काय रे, काय झालं?"

"काही नाही. तुझ्याकडं बघितलं की इथं कळ येते."

"चावट!" म्हणून तिनं त्याला कोपरानं ढोसलं. त्याचा चेहरा एकदम पांढरा पडला आणि लगेच तो हसला. तीही हसली. दवाखान्यात दिवसभर तिला ते वाक्य आठवत होतं, आणि पेशंटच्या तोंडात बघता बघता ती गालात हसत होती. पुढं कित्येक दिवस तिला त्या हसण्याची लाज वाटायची.

शर्यत आठवड्यावर आली होती. अवकाळी भुरभुर पाऊस होता, नदी शिशासारखी. सर काठावरून ओरडले, "शेवटचा टप्पा, सगळा जोर!" तिनं ताल वाढवला, नुसता ताल. मागून एक आवाज आला. ओरडल्याचा नव्हे, श्वास मध्येच तुटल्याचा. एक वल्हं आडवं झालं, होडी कलंडता कलंडता राहिली, आणि होडीत बसल्यापासून पहिल्यांदाच तिनं मान वळवून मागं पाहिलं. तो वाकला होता. ओठ निळे, डोळे मिटलेले, एक हात बरगडीवर आणि दुसऱ्या हातानं अजून वल्हं धरलेलं.

"बांबू! अरे बोल ना... बोल!"

त्याला बोलता येत नव्हतं. एवढा बोलका मुलगा!

काठापर्यंतची होडी तिनं एकटीनं आणली. तेवढा जोर होता तिच्या हातात, तेवढा नेहमीच होता.

"चीर आहे बरगडीला," हाडांचे डॉक्टर एक्स-रे उजेडात धरून म्हणाले. "आणि ही काही आजची नाही. बरेच दिवस ओढाताण चाललीय. हा मोसम विसरा. पाण्याचं नाव काढायचं नाही."

सर डोक्याला हात लावून बसले. "अरे, दोघांची होडी एकटा ओढत होतास का काय?" ते रागानं बोलून गेले आणि औषधं आणायला बाहेर पडले. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. तिनं मात्र त्यांच्या पाठीमागं दार लावून घेतलं.

खोलीत दोघंच उरली. खिडकीवर पाण्याचे ओघळ. तो पलंगावर, ती समोरच्या स्टुलावर, आणि आज पाठमोरं बसायची सोय नव्हती.

"मी ओढत नव्हते," ती म्हणाली. "हाताला थरथर येते म्हणून... बरेच दिवस झाले. मी नुसतं वल्हं बुडवत होते."

"माहीत आहे."

"माहीत... कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. होडीत बसून खोटं बोलता येतं होय? बुडाखाली कळतं सगळं." तो हळूहळू बोलत होता, श्वास तोलून.

"मग बोलला का नाहीस? शिव्या घालायच्या होत्यास! दोन मुस्काटात द्यायच्या होत्यास!"

"बोललो असतो तर तू होडीतून उतरली असतीस."

"बरं झालं असतं!"

"तुझं झालं असतं," तो म्हणाला. मग खिडकीकडे बघत, "माझं नसतं झालं. शर्यतीचं नाही म्हणत मी. रोज सकाळी तू... तेवढंच होतं गं. म्हटलं, हिच्या वाटचं आपण ओढू, पण ही बसू दे समोर."

कुणी आपल्यावर इतका जीव लावतं हे कळलं की माणसानं हरखून जावं. पण कळायची ही वेळ होती का? तिला वाटलं, उठून त्याला मिठी मारावी. तेही बरगडीमुळं शक्य नव्हतं. ती स्टुलावरच तोंड झाकून रडली, आणि तो "अगं, असं काय... ए डॉक्टर..." म्हणत राहिला, कारण हात पुढं केला की त्याला दुखत होतं.

सर तिला दुसरा जोडीदार द्यायला तयार होते. ती नाही म्हणाली.

शर्यतीच्या दिवशी दोघं काठावर जाऊन बसली, लोकांपासून लांब. आभाळ खाली आलेलं. पाण्यात खुणांचे गोळे बांधून रांगा पाडल्या होत्या आणि त्यातली एक रांग रिकामी होती. शिट्टी झाली. होड्या सुटल्या. रिकाम्या रांगेतून फक्त शेजारच्यांच्या लाटा गेल्या.

"राग येत नाही तुला?" तिनं विचारलं.

"छे."

"खरं सांग."

त्यानं रिकाम्या रांगेवरून नजर काढली नाही. आणि मग ज्या आवाजात तो कधीच बोलला नव्हता त्या आवाजात म्हणाला, "येतो. खूप येतो. मला हवी होती ती शर्यत. शाळेत असल्यापासून हवी होती. तू ओढली असतीस तर आत्ता आपण तिथं असतो. आणि राग तुझा कमी, माझाच जास्त येतो. मला दोन्ही हवं होतं, आणि तोंड उघडायची हिंमत एकाहीसाठी झाली नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तोही स्वतःच्याच हातानं."

ती त्याच्या शेजारी सरकली. हातावर हात ठेवला. पलीकडे कुणीतरी जिंकलं, टाळ्या वाजल्या. त्यानं हात काढून घेतला नाही, पण बघितलंही नाही तिच्याकडे.

दुसऱ्या दिवशी परीक्षक तिच्या शेजारी येऊन उभे राहिले, वाकले, भिंगातून दात पाहिला आणि मान डोलावून पुढं गेले. आईनं फोनवर देवाचे आभार मानले. मॅडमनी पाठ थोपटली. जेवणाच्या सुट्टीत ती बाथरूमचं दार लावून बसून राहिली.

त्याची परीक्षाही झाली, सुटला कसाबसा काठावर. शिबिराची नावं लागली, त्यात त्याचं असण्याचा प्रश्नच नव्हता. भावाचा फोन आला आणि तिकीट निघालं.

बसथांब्यावर ती आली तेव्हा त्याचं सामान वर चढलेलं होतं. पाऊस थांबला होता, पण पत्र्यावरून थेंब गळत होते.

"तिथं जेवणाखाण्याची सोय आहे ना?" तिनं विचारलं.

"आहे. वहिनी आहे."

"औषधं?"

"घेतली." मग तो म्हणाला, "बरं, हात थरथरला का गं परीक्षेत? विचारायचंच राहिलं."

"नाही. जरासुद्धा नाही."

"झालं तर मग. बरगडी सत्कारणी लागली."

"असं बोलू नकोस!" ती इतक्या जोरात म्हणाली, की रांगेतल्या दोन बायका वळून बघू लागल्या. "तुला वाटतं, मला बरं वाटतं हे ऐकून? मला तू आवडतोस. ऐकलंस? आवडतोस म्हणजे... सकाळी डोळे उघडले की पहिला तू. पण मी तुझ्या जिवावर पास झाले, हे मला जन्मभर पचायचं नाही. तू एकदा, फक्त एकदा 'दुखतंय' म्हणाला असतास, तर मी ओढलं असतं रे! नापास झाले असते, पण ओढलं असतं."

"म्हणून तर नाही म्हणालो."

"तेच! तेच नको आहे मला. गपचूप सोसणाऱ्या माणसाबरोबर कुणी कसं राहायचं? त्याला कुठं लागलंय ते रोज काय ओळखत बसायचं?" तिचा आवाज फाटला. "त्यापेक्षा जा तू."

तो काहीतरी बोलणार होता. कंडक्टरनं हाळी दिली. तो वाकून, बरगडी सांभाळत, एकेक पायरी चढला. खिडकीशी बसला. काच खाली केली आणि समोर बघत राहिला. ती खाली उभी. दोघांच्या मध्ये नुसता एक पत्रा, आणि बोलणं सगळं होऊन गेलेलं.

इंजिन सुरू झालं. गाडी हलली. तेव्हा त्यानं मान वळवली आणि खिडकीतून जेवढं बाहेर येता येईल तेवढा बाहेर आला.

"दुखतंय," तो म्हणाला.

"कुठं? बरगडीत?"

त्यानं मान हलवली, नाही. चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. ओठ लहान मुलासारखे वाकडे झाले होते. "खूप दुखतंय गं. मला नाही जायचं."

"आता सांगतोस होय, मेल्या?" ती खिडकीची दांडी धरून गाडीबरोबर चालू लागली, मग पळू लागली, हसू आणि रडू एकदमच आलेलं. "आता सांगतोस?"

"उशीर झाला का?"

"हो! झाला! सांगत राहा तरी. रोज सांग... ऐकलंस का? रोज!"

गाडीनं वेग घेतला आणि दांडी हातातून सुटली. तो खिडकीतून मागं बघत होता, बघतच होता, वळण येईपर्यंत. मग वळण आलं. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहून हमसून हमसून रडली, आणि येणारीजाणारी माणसं तिला वळसा घालून आपापल्या कामाला जात राहिली.